लाल चौकोन किती?

कोणत्याही कचेरीत संगणकातलं कळणारा एक माणूस असतो आणि त्याच्याकडे येणारं प्रत्येक काम 'फक्त' या शब्दानं सुरू होतं. "अहो, फक्त एवढं बघा. नकाशे पीडीएफमध्ये आलेत. त्यातले लाल चौकोन किती, ते पानवार एक्सेलमध्ये टाकायचंय. पानं जास्त आहेत म्हणून तुम्हाला सांगतोय, नाहीतर कुणीही बोट ठेवून मोजले असते." साहेबांचं म्हणणं रास्त असतं. चौकोन दिसतायत, लाल दिसतायत. शिवाय पान स्कॅन केलेलं नाही. कितीही मोठं करून पाहिलं तरी कडा फाटत नाहीत, म्हणजे आकार फाइलमध्ये आकार म्हणूनच ठेवलेले आहेत. मग फाइललाच विचारायचं! "संध्याकाळपर्यंत देतो," असं तो माणूस म्हणून बसतो, आणि त्या संध्याकाळपासून घरी जेवताना पुटपुटू लागतो.

पीडीएफच्या पानात चित्र नसतंच. चित्र काढण्याच्या हुकमांची यादी असते. पाटी रंगवणाऱ्या पेंटरला कुणी शेजारी उभं राहून सांगावं तशी: ब्रश इथे टेकव, तिथवर ओढ, वळव, मिटव, आता भर. ही यादी दाबून बारीक केलेली असते. क्यूपीडीएफसारख्या हत्यारानं उघडली की आत असं काहीतरी दिसतं: '१ ० ० आरजी', पुढच्या ओळीत '१०० २०० ५० ३० आरई', आणि त्याखाली एकटाच 'एफ'. म्हणजे लाल पूर्ण, हिरवा शून्य, निळा शून्य असा रंग घे, शंभर-दोनशेच्या बिंदूपासून पन्नास रुंद, तीस उंच चौकोन आख, भर. आकडे आधी, क्रियापद शेवटी. मराठी माणसाला हे व्याकरण परकं वाटायचं कारण नाही.

इथपर्यंत सगळं सरळ असतं. प्रोग्राम लिहिणारा 'आरई' शोधतो, मोजतो, पहिल्या पानाचं उत्तर ४११ येतं. पानावर डोळ्यांना दिसणारे चौकोन सतरा.

याचा दोष कुणाला द्यायचा तर जॉन वॉर्नॉक यांना देता येईल, पण ते बरं दिसणार नाही, कारण त्यांनी सांगितलं होतं तेवढं चोख करून दाखवलं. अडोबी कंपनीच्या या सहसंस्थापकानं १९९१ साली 'कॅमलॉट' नावाच्या प्रकल्पाचं टिपण लिहिलं. तक्रार साधी होती: एका यंत्रावरचा कागद दुसऱ्या यंत्रावर तसाच दिसत नाही, तसाच छापला जात नाही. १९९३ साली त्यातून पीडीएफ निघाली. २००८ साली ती आयएसओचं प्रमाण झाली, आणि ते प्रमाणपुस्तक साडेसातशे पानांच्या घरात गेलं. त्यातल्या बहुतेक पानांचा रोख एकाच दिशेला आहे: हुकमांवरून चित्र कसं उमटवावं. चित्रावरून मूळ हेतू कसा ओळखावा, हा प्रश्न तिथे सहसा कुणी विचारलेला नव्हता. थालीपीठ तव्यावरून उतरल्यावर त्यातली ज्वारी परत मागणारा माणूस भाजणी दळणाऱ्याच्या डोक्यात कशाला असेल?

तर ४११. यातले बरेचसे चौकोन कधी रंगवलेलेच नसतात. पीडीएफमध्ये आकार आधी आखायचा आणि मग त्याचं काय करायचं ते सांगायचं, अशी पद्धत आहे. 'एस' म्हटलं की कड ओढली जाते, 'एफ' म्हटलं की आत रंग भरतो, 'बी' म्हटलं की दोन्ही. आणि 'एन' म्हटलं तर काहीच नाही! आखलं, सोडून दिलं. यालाही कारण आहे. 'डब्ल्यू' आणि 'एन' ही जोडगोळी म्हणजे खिडकी कापणं: यापुढे जे काही रंगवशील ते या चौकोनाच्या आतच दिसू दे. लेखनाचे आणि तक्त्यांचे नेहमीचे प्रोग्राम पीडीएफ तयार करताना अशा खिडक्यांची खैरात करतात, कित्येकदा ओळीओळीला एक. त्या कुणाला दिसत नाहीत. मोजणाऱ्याला मात्र सगळ्या दिसतात.

खिडक्या वगळल्या की पुढचा गट येतो तो सोंगाड्यांचा. डोळ्यांना जी रेघ दिसते ती बहुतेकदा रेघ नसते. अर्धा पॉइंट जाडीचा, आत काळा भरलेला चौकोन असतो. तक्त्याच्या चौकटी काढताना ही युक्ती सर्रास चालते. उलट, जो ऐसपैस चौकोन दिसतो तो पन्नास पॉइंट जाडीची एक रेघ असू शकतो: ब्रश रुंद घेतला, एकदाच ओढला, झाला चौकोन. काही प्रोग्राम 'आरई' हा हुकूम वापरतच नाहीत. चार बाजू चार रेघांनी काढतात. काही त्याच चार बाजू चार वेगवेगळ्या वेळी काढतात आणि मध्येच दुसरीकडे जाऊन दोन अक्षरं लिहून येतात. तुटक रेघेसाठी 'इतकी रंगव, इतकी सोड' असा स्वतंत्र हुकूम असताना दोनशे तुकडे एकेक करून काढणारे कष्टाळू प्रोग्रामही आहेत. आणि रेघेची जाडी शून्य सांगितली तर? रेघ नाहीशी होत नाही. यंत्राला जमेल तेवढी बारीक काढ, असा शून्याचा अर्थ आहे. पडद्यावर ती ठसठशीत दिसते, भारी छपाईयंत्रावर भिंग घेऊन शोधावी लागते.

वर्तुळ शोधणाऱ्याची अवस्था तर याहून वाईट. पीडीएफमध्ये वर्तुळ काढायचा हुकूमच नाही. साडेसातशे पानांच्या पुस्तकात गोल नाही! जे आहे ते बेझिए वक्र. मोटारींच्या पत्र्याला हवी तशी वळणं देता यावीत म्हणून रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी ते रुजवले; सित्रोएनमध्ये पॉल द कास्टेलजो यांना तेच आधी सुचलं होतं, पण कंपनीनं ते कपाटात ठेवलं, म्हणून नाव बेझिएंचं झालं. या वक्रानं शुद्ध वर्तुळ काढता येत नाही, हे गणितानं सिद्ध आहे. म्हणून चार पाव-वर्तुळं जोडतात आणि प्रत्येकाला वळण देणारे ताणबिंदू टोकांपासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवतात. चूक ०.०२७ टक्के येते. मीटरभर त्रिज्येच्या गोलात जेमतेम पाव मिलिमीटर. डोळ्यांची फसवणूक होते आणि तक्रार कुणी करत नाही. पण उलट्या दिशेनं येणाऱ्याला चार वक्र सापडतात आणि त्यानं विचारायचं असतं की, तुम्ही चौघं मिळून गोल आहात का? ०.५५२३ सापडला की तो हुरळतो. पुढच्या फाइलमधला गोल आठ वक्रांचा असतो. त्यापुढचा, एखाद्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून आलेला, शेकडो बारीक सरळ रेघांचा.

समजा आकार हाती लागला. तो कुठे आहे? पीडीएफ पॉइंटांत, म्हणजे इंचाचे ७२ भाग करून मोजते, त्यामुळे ए-फोर कागद ५९५ बाय ८४२ भरतो. शून्य डावीकडे खाली, शाळेतल्या आलेखासारखं. संगणकाचा पडदा मात्र शून्य डावीकडे वर धरतो. हे आकार वाचून देणारी जी तयार हत्यारं आहेत त्यांच्यातही यावर एकमत नाही: पायमूपीडीएफ वरून मोजतं, पीडीएफमायनर खालून. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये वापरली की शीर्षकाभोवतीची चौकट तळटिपेला मिठी मारून बसलेली सापडते. त्यात 'सीएम' नावाचा हुकूम पेंटरच्या पायाखालची जमीनच सरकवतो: यापुढची सगळी मापं दुप्पट समज, किंवा तीस अंशांत तिरकी समज. हे एकात एक कितीही वेळा करता येतं. 'क्यू' म्हटलं की चालू स्थिती लक्षात ठेवायची की आधी ठेवलेली परत आणायची, ते तो क्यू छोट्या लिपीतला की मोठ्या लिपीतला यावरून ठरतं. काही आकार तर पानाच्या यादीत नसतातच. 'डू' या हुकमानं दुसऱ्या एका डब्याकडे बोट दाखवलेलं असतं, त्या डब्यात आणखी डबे असू शकतात. आणि वाचणाऱ्यानं स्वतः पिवळ्या मार्करनं केलेली खूण? ती पानावर नाही. ती टिप्पण्यांच्या वेगळ्या यादीत, आपला रंग आपल्यासोबत घेऊन बसलेली असते.

रंगाबद्दल तर बोलायची सोय नाही, कारण दोन रंग असतात आणि दोघांचं नाव एकच. मोठ्या लिपीतलं आरजी म्हणजे कडेचा रंग, छोट्या लिपीतलं आरजी म्हणजे आतला. कागदावर फरक कळतो. फोनवर दोन प्रोग्रामर यावर बोलत असतील तर त्यांना एकटं सोडावं.

रंगाचा हुकूम मिळतो तोही आकाराजवळ मिळेल असं नाही. रंग एकदा घेतला की बदलेपर्यंत तोच चालतो. चौकोन पाचशेव्या ओळीत असतो, त्याचा लाल बाराव्या. रंग कुणी सांगितलाच नसेल तर काळा धरायचा. पांढऱ्या कागदाबद्दल फाइलमध्ये चकार शब्द नसतो, कागद पांढरा असतोच असं गृहीत धरलेलं आहे. पण तक्त्यात पांढऱ्या रंगानं भरलेले चौकोन मात्र डझनांनी असतात, पांढऱ्यावर पांढरे, कुणालाही न दिसणारे. ४११ मध्ये त्यांचाही वाटा आहे.

मग आकड्यांचं कोडं. एक आकडा असेल तर करडा, तीन असतील तर लाल-हिरवा-निळा, चार असतील तर छापखान्याच्या चार शाया, असा ढोबळ नियम. तीनवाल्यांत १-१-१ म्हणजे पांढरा, कारण तिथे प्रकाश मोजतात. चारवाल्यांत ०-०-०-० म्हणजे पांढरा, कारण तिथे शाई मोजतात. एकवाल्यांत १ म्हणजे पांढरा. पण एकच आकडा 'सेपरेशन' प्रकारातही येतो, तिथे १ म्हणजे शाई पूर्ण ओता. म्हणजे हाती आलेला एकटा १ हा पांढराशुभ्र आहे की गडद, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, घराणं विचारावं लागतं. सेपरेशनमध्ये रंगाला नाव असतं आणि प्रमाणपुस्तकानं दोन नावं राखून ठेवली आहेत. एक 'ऑल', म्हणजे सगळ्या पट्ट्यांवर उमटायचा रंग. दुसरं 'नन', म्हणजे कुठेच न उमटायचा रंग. 'नन' रंगानं काढलेला चौकोन फाइलमध्ये रीतसर असतो, त्याची मापं असतात, सगळं असतं. रंगाच्या रकान्यात काय लिहावं यावर प्रोग्रामरनं साहेबांकडे जाऊ नये.

लाल तरी सरळ आहे का? तीनवाला लाल १-०-०. चारवाला लाल ०-१-१-०. शाळेतल्या गणितानं दोन्ही एकच निघतात, २५५-०-०. पण छपाईची शाई पडद्याइतकी भडक नसते, म्हणून अमेरिकेत चालणाऱ्या नेहमीच्या छपाई-प्रोफाइलनं तोच चारवाला लाल २३७-२८-३६ असा येतो. प्रोग्राममध्ये 'रंग बरोबर २५५-०-० असेल तर मोज' असं लिहिलेलं असेल तर छापखान्याकडून आलेले सगळे चौकोन गळतात. शिवाय २००१ साली पीडीएफच्या १.४ आवृत्तीत पारदर्शकता आली. त्याआधी नंतरचा रंग आधीचा झाकायचा, पेंटरचा साधा न्याय. आता डोळ्यांना जो गुलाबी दिसतो तो फाइलमध्ये निम्म्या जोरावर लावलेला लाल असू शकतो. गुलाबी कुठेच लिहिलेला नाही. साहेबांनी गुलाबी मोजायला सांगितला नव्हता, आणि त्यांनी सांगितलेला लाल त्यांना दिसत नाही.

एवढ्या उपद्व्यापात पडणारी पहिली माणसं गणिती असतील असं वाटतं. त्यांच्यात पत्रकार भरपूर निघाले. सरकारी आकडेवारी पीडीएफमध्ये प्रसिद्ध करण्यात एक सोय आहे: दिली असं म्हणता येतं आणि घेणाऱ्याला ती मिळाली असं म्हणता येत नाही. म्हणून मानुएल आरिस्तारान यांनी प्रोपब्लिका आणि अर्जेंटिनाच्या 'ला नासिओन' वृत्तपत्राच्या मदतीनं 'टॅब्युला' बांधलं. जेरेमी सिंगर-व्हाइन या पत्रकारानं 'पीडीएफप्लंबर' लिहिलं. पीडीएफच्या हुकमांना तक्ता ही चीज ठाऊक नाही. ही हत्यारं पानावरच्या रेघा आणि रेघेचं सोंग घेतलेले चौकोन गोळा करतात, ते कुठे छेदतात ते पाहतात आणि चार छेदांच्या मध्ये एक घर आहे असं मानतात. पीडीएफप्लंबर तर तीन पॉइंटांपर्यंतची, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरची वाकडी चाल स्वतःहून पोटात घालतं. रेघ रेघेला पोचली नाही तरी पोचली म्हणायचं. जुन्या नात्यातल्या मध्यस्थांना हे धोरण ओळखीचं वाटेल.

पायथनमधल्या अशाच एका हत्याराचं नाव चक्क 'कॅमलॉट' आहे, वॉर्नॉक यांच्या प्रकल्पावरून ठेवलेलं. वॉर्नॉक यांनी जे गुंडाळलं ते उलगडायला त्यांचंच नाव! त्याची 'लॅटिस' पद्धत तर पाहण्यासारखी आहे. फाइलमध्ये रेघांची मापं हजर असताना ती आधी सगळं पान रंगवून चित्र करते आणि मग त्या चित्रात रेघा शोधते. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण वर सांगितलेल्या खिडक्या, सोंगं, पांढऱ्यावरचे पांढरे आणि सरकलेल्या जमिनी या सगळ्यांवर तो एकच रामबाण आहे: जे दिसतं तेच खरं.

अधोरेखित शब्दांचं प्रकरण जरा गंभीर आहे. पीडीएफमध्ये 'हा शब्द अधोरेखित' असं अक्षरांसोबत सहसा लिहिलेलं नसतं. अक्षरं वेगळी, आणि त्यांच्याखाली योगायोगानं पडलेली एक रेघ वेगळी. खोडलेल्या शब्दाचंही तेच. कायद्याच्या दुरुस्तीच्या मसुद्यात रद्द झालेलं वाक्य आडवी रेघ मारून दाखवलेलं असेल, तर नुसता मजकूर काढून घेणाऱ्या प्रोग्रामला ते वाक्य जिवंत दिसतं, आणि त्याच्या शेजारचं नवं वाक्यही. कायदा एकाच दमात 'करावे' आणि 'करू नये' म्हणतो. रेघ अक्षरांच्या मधून जाते की खालून, हे मापं ताडून पाहण्यावाचून इलाज नसतो. देवनागरीची शिरोरेषा अक्षराच्या साच्यातच असते हे नशीब. ती वेगळी काढायची पद्धत असती तर सगळं मराठी साहित्य कुणीतरी वरच्या बाजूनं खोडलंय असा निष्कर्ष निघाला असता.

अर्थात ती वेळ दुसऱ्या वाटेनं येतेच. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी लग्नपत्रिका किंवा फ्लेक्स करायला गेलं की डीटीपीवाला फाइल छापखान्यात धाडण्याआधी एक मंत्र म्हणतो: "कर्व्ह करून पाठवतो." त्याच्याकडचा मराठी फॉन्ट छापखान्यात असेल याची खात्री नसते. नसला की 'चि. सौ. कां.' चे चौकोनी डबे होतात आणि वरपक्ष पेटतो. म्हणून कोरलड्रॉमध्ये सगळी अक्षरं वक्रांत बदलून टाकायची. आता त्या पीडीएफला विचारलं, मजकूर किती? उत्तर शून्य. आकार किती? काही हजार. आजोबा-पणजोबा, स्वागतोत्सुक काका-मामा, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बच्चेकंपनी, सगळी मंडळी कुंकवाच्या रंगानं भरलेले बंद वक्र होऊन बसलेली असतात. 'व'च्या पोटातली पोकळी राहावी की भरावी, हे ठरवायलाही दोन वेगवेगळे नियम आहेत. एकात वक्र कोणत्या दिशेनं फिरला ते पाहतात, दुसऱ्यात नुसते वेढे मोजून सम की विषम ते पाहतात. वाचणाऱ्या प्रोग्रामनं चुकीचा नियम लावला तर वधू-वर दोघांच्याही नावातला 'व' आंधळा होतो.

आकार वाचण्याच्या या विद्येनं खरी मोठी शिकार केली ती काळ्या चौकोनांची. २००५ साली इराकमध्ये अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात निकोला कालिपारी हा इटालियन गुप्तचर अधिकारी मारला गेला. त्याच्या चौकशीचा अहवाल लष्करानं गुप्त भाग काळे करून पीडीएफमध्ये प्रसिद्ध केला. वाचकांनी काळा भाग निवडला, कॉपी केला, दुसरीकडे चिकटवला, आणि मजकूर बाहेर. पेंटरनं भिंतीवरच्या अक्षरांवर काळा हात मारला होता, पण हुकमांच्या यादीत 'आधी ही अक्षरं लिही' हा हुकूम तसाच होता. २०१९ साली ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदाची हीच गत झाली. चौदा वर्षांत काळा रंग तोच, विश्वासही तोच.

मधल्या काळात, २०११ साली, प्रिन्स्टन विद्यापीठात टिमथी ली यांनी हे हातानं शोधण्याऐवजी प्रोग्राम लिहिला. अमेरिकी संघीय न्यायालयांची सुमारे अठरा लाख कागदपत्रं घ्यायची, पानावरच्या हुकमांतून काळे चौकोन काढायचे, त्याच जागी अक्षरं आहेत का पाहायचं. झाकपाक केल्याच्या खुणा असलेली सुमारे दोन हजार कागदपत्रं निघाली, त्यांतल्या १९४ मध्ये झाकण उघडंच होतं. आता 'फ्री लॉ प्रोजेक्ट' ही संस्था 'एक्स-रे' नावाचं हत्यार यासाठी चालवते. तेही आधी चौकोन शोधतं, मग त्याच जागेवरची अक्षरं. पण एवढ्यावर विश्वास ठेवत नाही, कारण काळ्या पट्टीवर नंतर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं शीर्षकही याच वर्णनात बसतं आणि त्यात गुप्त काहीच नसतं. म्हणून ते शेवटी चौकोनाएवढा तुकडा रंगवून पाहतं: सगळा एकाच रंगाचा दिसला तर अक्षरं खाली गाडलेली आहेत, नाहीतर वर उघडी आहेत. आकड्यांचा एवढा पसारा उपसून निकाल पुन्हा डोळ्यांकडेच.

या सगळ्यावर काही जुन्या, सावध कचेऱ्यांनी काढलेला तोडगा असा: कागद छापायचा, जाड मार्करनं काळा करायचा, आणि स्कॅन करून पीडीएफ बनवायची. तिथे खाली काही गाडलेलं नसतं. चौकोन शोधणारा प्रोग्राम त्या फाइलमधून रिकाम्या हातानं परततो, कारण अख्खं पान म्हणजे एकच छायाचित्र असतं. आणि पीडीएफच्या नियमानुसार छायाचित्र, मग ते केवढंही असो, नेहमी एक बाय एकच्या चौकोनातच काढायचं असतं. कागदाएवढं मोठं ते 'सीएम' करतो.